धाकट्या जावेचा प्रोफायलर

धाकटी जाऊ पुण्याहून आमच्याकडं राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात दोन मोठे मॉनिटर होते. टेम्पोतून गाद्या उतरल्या, भांडी उतरली, आणि मग दिरानं ते मॉनिटर लेकरू उचलावं तसे दोन्ही हातांनी छातीशी धरून माडीवर नेले. मी दारात उभी राहून बघत होते. नव्या माणसाचं स्वागत करायच्या वेळी माझ्या मनात काहीतरी कडू झालं, आणि ते पुढं कितीतरी दिवस गेलं नाही.

आमचं घर भूम तालुक्यातल्या ईटला. घरचं दूध संकलन केंद्र आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं, आता माझा नवरा बघतो. सकाळ-संध्याकाळ गावातली माणसं किटल्या घेऊन येतात. दूध काट्यावर चढतं, थोडा नमुना फॅटच्या मशीनमध्ये जातो आणि कॉम्प्युटरमधून पावती निघते. ती पावती काढणारा प्रोग्राम मी लिहिलाय. धाराशिवच्या कॉलेजातून बीएस्सी कॉम्प्युटर करून मी या घरात आले. नोकरीचा विषय लग्नातच मिटला होता. मोठी मुलगी मांडीवर झोपलेली असायची, तेव्हा एका हातानं टाइप करत मी तो प्रोग्राम पुरा केला. पुढं आजूबाजूच्या गावांतल्या केंद्रांनीही तो मागून नेला. त्याला मी चांगलं विचार करून एक नाव दिलं होतं. ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. सगळीकडं त्याला 'वहिनीचा प्रोग्राम' म्हणतात. कुठल्याही केंद्रावर गेलं की लोक खुर्ची सरकवतात, "वहिनी, बसा" म्हणतात. एवढी एक गोष्ट या घरात माझी स्वतःची होती.

आणि आता घरात दुसरी कॉम्प्युटरवाली आली. ती इंजिनिअर होती, पुण्याच्या कंपनीत होती. दिराची बदली भूमला झाली आणि तिच्या कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली, म्हणून दोघं इकडं आले.

"पर तिचं काम काय असतंय?" सासूबाईंनी दिराला विचारलं. आम्ही दोघी जावा त्यांना आत्या म्हणतो आणि सासऱ्यांना मामा.

"दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम हळू का चालतेत, ते शोधायचं," दीर म्हणाला.

"निस्तं शोधायचं? आन् त्याचा पगार देतेत?" आत्या खरोखरच चकित झाल्या होत्या. मला हसू आलं. त्या घडीला मला आत्या फार आवडल्या.

पण आठवडाभरातच त्याच आत्या जिन्यावरून चहाचा कप घेऊन पाय न वाजवता वर जायला लागल्या. माडीवरच्या खोलीचं दार सकाळी बंद व्हायचं ते संध्याकाळीच उघडायचं. पोरं आरडाओरडा करायला लागली की आत्या तोंडावर बोट ठेवायच्या. "हळू, काकूची मीटिंग हाय."

माझं टेबल मधल्या खोलीत. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला ओसरी. घरातल्या प्रत्येक माणसाला कुठूनही कुठं जायचं असलं तरी माझ्या पाठीमागूनच जावं लागतं. जाता जाता प्रत्येकजण काहीतरी सांगून जातो. "दुधाकडं बघ गं जरा." "माझा चष्मा दिसला का?" "पाव्हणे आलेत, चहा टाक." इतक्या वर्षांत मी अर्ध्या ओळीवर उठायला आणि परत येऊन उरलेली अर्धी ओळ लिहायला शिकले होते. त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. घरी बसून काम करायचं म्हणजे असंच, हे मी धरून चालले होते. तेच काम दार लावूनही करता येतं, आणि दार लावलं तर घर गप्प बसतं, हे मी पहिल्यांदा बघितलं.

मला तिच्या पगाराचा हेवा वाटला नाही, तिच्या कपड्यांचाही नाही. हेवा वाटला तो त्या दाराचा. मधल्या खोलीला दारच नव्हतं. चौकट होती आणि तिला एक पडदा.

त्याच सुमारास केंद्रावर कुरकुर सुरू झाली. पावती निघायला वेळ लागत होता. दूध ओतून झालं, फॅट दिसलं, तरी कॉम्प्युटर नुसता गोल फिरवत बसायचा. सकाळी टँकर यायच्या वेळेला गर्दी असते. खव्याच्या भट्टीवाल्यांना घाई, शाळेच्या पोरांना घाई. रांग रस्त्यापर्यंत जायला लागली.

एकदा जेवताना मामांनी विषय काढला. "थोरले, लोकं लई खोळंबायलेत गं. काय झालंय त्याला?"

"कॉम्प्युटर जुना झालाय मामा," मी म्हणाले. "नवा घ्यावा लागंल."

नवऱ्यानं मान हलवली. विषय तिथंच संपला असता. पण धाकटी जाऊ भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "ताई, घ्यायच्या आधी एकदा मोजून बघायचं का?"

"काय मोजायचं?"

"वेळ. नक्की कुठं जातोय ते."

तिचा आवाज साधाच होता. पण मला ऐकू आलं ते असं, की ताई, तुम्ही अंदाजानं बोलताय. आणि खरंच मी अंदाजानं बोलत होते, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रावर आली. आपला लॅपटॉप जोडला, माझ्या प्रोग्रामच्या मागं तिनं प्रोफायलर लावला. प्रोग्राम चालू असताना त्याचा वेळ कुठल्या कामात किती जातो, हे प्रोफायलर टिपत राहतो. मला ते नाव ठाऊक होतं, कधी वापरलं मात्र नव्हतं. मी केलेल्या प्रोग्रामवर तसलं काही लावायची वेळ येईल असं कधी वाटलंच नव्हतं. लोक दूध घालत राहिले, पावत्या रखडत निघत राहिल्या. मग तिनं स्क्रीनवर एक चित्र काढून दाखवलं. आडव्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, खाली पिवळ्या, वर नारिंगी. तिनं समजावलं, "ताई, पट्टी जेवढी रुंद, तेवढा वेळ त्या कामात गेला." सगळ्या पट्ट्या बोटाएवढ्या होत्या. एकच या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती.

त्या पट्टीवर मी एका कामाला दिलेलं नाव होतं. पावतीच्या खाली प्रत्येकाला त्याच्या म्हशीचं सरासरी फॅट छापून मिळायचं, ते काढणारं काम. एका म्हाताऱ्या काकांनी मागितलं म्हणून मी ते घातलं होतं. वहिनीच्या प्रोग्रामचं सगळ्यात जास्त कौतुक त्याच ओळीसाठी व्हायचं. आणि ती सरासरी काढायला प्रोग्राम दर पावतीला अगदी पहिल्या दिवसापासूनच्या गावभरच्या नोंदी चाळत होता. सुरुवातीला नोंदी थोड्या होत्या, तेव्हा काही जाणवलं नाही.

"इथं एक इंडेक्स टाकला की झालं," ती म्हणाली. "मी टाकू का तुम्ही टाकता?"

केंद्रावर दहा माणसं किटल्या धरून उभी होती. नवरा होता, मामा होते. मी म्हणाले, "टाक तूच."

तिनं इंडेक्सची एक ओळ लिहिली, म्हणजे ज्याच्या त्याच्या नोंदी सूचीतून थेट सापडाव्यात. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुढच्या माणसाचं दूध काट्यावर चढलं, आणि त्याचं फॅट दिसताक्षणी पावती बाहेर. रांगेतून कुणीतरी 'आरारारा' केलं. मामा हसत सुटले.

"एका वळीत!" ते दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होते. "धाकटीनं एका वळीत केलं बघा."

त्या रात्रीच्या स्वयंपाकात मी मीठ दोनदा घातलं.

पुढचे काही महिने मी जे केलं त्याला एकच शब्द आहे, पाळत. ती फोनवर कुणाशी काय बोलते, इंग्रजी किती बोलते, केंद्रावर कधी जाते. ती रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी केंद्रावर जाऊन बसायची. काही करायची नाही. नुसती पावत्या निघताना बघायची. मी मनात म्हणायचे, मिरवायलीय. लोक तिला बघून "ह्या बाईंनी दुरुस्त केलं" म्हणायचे, आणि मला वाटायचं, दुरुस्त केलं म्हणता, पण केलं कुणी? केला कुणी हा प्रोग्राम?

मग मामांनी तिला एक मोबाइल ॲप करायला सांगितलं. लोकांना घरबसल्या आपलं दूध किती, फॅट किती ते दिसावं म्हणून. मला विचारलं नाही. तिनं संध्याकाळच्या वेळात ते करून टाकलं. उघडलं की आधी एक गाय यायची, शेपटी हलवायची, कान हलवायची, मान वळवून बघायची, आणि मग आकडे. गाय फार गोड होती. आख्ख्या ईटला त्या गाईचं वेड लागलं. माझ्या दोन्ही पोरी तर आकड्यांशी काही संबंध नसताना दिवसातून कितीदा तरी गाय बघायला ते ॲप उघडायच्या. माझ्याच पोरी.

तेव्हा मी प्रोफायलर शिकायला बसले. तिला विचारलं नाही. दुपारी सगळे आडवे झाले की व्हिडिओ लावायचे, आवाज बारीक करून, नाही कळलं की परत लावायचे. आधी माझ्याच प्रोग्रामवर लावून बघितला. अजून दोन-तीन ठिकाणी वेळ वाया जात होता, तो काढला. मग हळूहळू त्यात एक गोडी वाटायला लागली. आपण लिहिलेला प्रोग्राम आपल्याला सगळा माहीत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो मागं काय उद्योग करत असतो ते पट्ट्यांमध्ये दिसतं. जिथं मी घाम गाळला होता ते काम चुटकीसरशी व्हायचं, आणि जे सहज लिहून टाकलं होतं ते रेंगाळायचं. तो महिना मी खुशीत होते. पण खरं सांगायचं तर मी शिकत होते ते यासाठी नाही. मला तिचं ॲप मोजायचं होतं.

गावात नवे फोन थोड्यांकडंच. बाकीच्यांकडं पोरांनी वापरून टाकलेले, काच तडकलेले. असा एक फोन मी आत्यांकडून घेतला, केबलनं लॅपटॉपला जोडला आणि ॲप उघडलं. पांढरा पडदा आला आणि तसाच राहिला. मी बघत राहिले. कितीतरी वेळानं गाय आली, तीही अडखळत अडखळत. पट्ट्यांचं चित्र काढलं. एक पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत.

गाय होती ती. शेपटी हलवणारी ती गाय इतकी जड होती, की जुन्या फोनचा सगळा दम तिला उचलण्यातच जात होता. लोक तक्रार करत नव्हते, कारण त्यांना वाटायचं आपलाच फोन भंगार आहे.

मला झालेला आनंद सांगता येत नाही. मी ते चित्र जपून ठेवलं. घाई केली नाही. सगळे एकत्र जेवायला बसतील, मामा असतील, दीर असेल, असा दिवस बघितला. रविवार होता. शेंगदाण्याची आमटी होती. वाढून झालं आणि मी अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आत्याच्या फोनवर ॲप उघडायला लई वेळ लागतोय. मी मोजून बघितलं."

'मोजून' हा शब्द मी मुद्दाम वापरला.

धाकटीनं वर बघितलं. "मोजलं? तुम्ही? कशानं?"

मी सांगितलं. तिच्या चेहऱ्याकडं बघत सांगितलं, कारण मला तो चेहरा उतरलेला बघायचा होता. ती उठलीच. आमटीनं भरलेला उजवा हात तसाच वर धरून तिनं डाव्या हातानं माझा लॅपटॉप उघडला. "दाखवा ना. कुठंय?" मी दाखवलं. ती वाकून बघत राहिली आणि मग मोठ्यानं हसली. "अगं बाई! गाय! ताई, गाईनंच खाल्लं सगळं! मी माझ्या फोनवरच बघत होते, मला दिसणारच नाही ना." ती दिराकडं वळली. "बघ, बघ, किती रुंद आहे!" आपली चूक ती नवऱ्याला असं दाखवत होती, जसं काही जत्रेतलं खेळणं दाखवतेय.

तिला लागलंच नव्हतं. मी एवढी तयारी केली होती, आणि तिला लागलंच नव्हतं.

"मग काढून टाकू गाय," ती म्हणाली.

"गाय न्हाय काढायची," मामा एकदम म्हणाले. "बाकीचं काय बी काढा."

"मामा, ती जड हाय," मी म्हणाले.

"मग बारीक करा की. तुम्ही दोघी हाव ना शिकलेल्या?"

त्या रात्री मला झोप लागेना. आधी तिच्या दाराचा हेवा होता, मग त्या एका ओळीचा. आता एक नवाच हेवा आला होता आणि तो सगळ्यांत वाईट होता. केंद्रावर माझी पट्टी रुंद निघाली तेव्हा माझे कान तापले होते, आणि मी महिनोन् महिने धुमसत होते. तिची निघाली तेव्हा ती हसली. असं हसता येणारं माणूस कसं घडतं? कुणी तिला शिकवलं असेल, की आपली चूक दिसणं ही गंमत असते?

दुसऱ्या दिवशी ती स्वतः खाली आली. "ताई, दुपारी वर या. गाय तुम्ही बारीक करा, मी तिथंच बसून माझं काम करते." मी नाही म्हणणार होते. पण वर गेले. तिनं एक मॉनिटर माझ्याकडं वळवला आणि दार लावलं.

आतली शांतता मला आधी सहनच होईना. कुणी हाक मारेना. मी दोनदा उठून दार उघडून बघितलं, खाली काही सांडलं का, कुणी आलं का. ती म्हणाली, "बसा हो ताई. लागलं तर येतील." कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत गाय हलकी झाली. शेपटी हलवायची, कान मात्र स्थिर. मामांनी ते ओळखलं नाही.

वर बसणं मग रोजचं झालं. तिथंच एकदा मी तिला विचारलं, की रोज सकाळी केंद्रावर का बसतेस.

"पावती निघते ते बघायला," ती म्हणाली. "कंपनीत मी वर्षानुवर्षं हेच काम करतेय ताई. पण मी जे काही जलद केलं, ते वापरताना मी कधी कुणाला बघितलंच नव्हतं. इथं माणूस पावती घेतो, घडी घालतो, खिशात ठेवतो आणि जातो. मला ते बघत बसावंसं वाटतं."

मला जे रोज फुकट मिळत होतं ते बघायला ही लवकर उठत होती. त्यानं माझं मन एकदम साफ झालं असं मी म्हणणार नाही. तिच्या तोंडून 'कंपनी' हा शब्द आला, की मला अजून टोचायचंच. पण पाळत ठेवणं सुटलं. शेजारी बसलेल्या माणसावर पाळत ठेवता येत नाही.

वर्षभरानं तिच्या कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं. दिरानंही पुण्याला बदली मागून घेतली. जायच्या आदल्या आठवड्यात धाराशिवच्या एका कॉलेजातून तिला फोन आला होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोग्राम हळू का चालतात या विषयावर काही सांगाल का म्हणून. तिनं परस्पर माझं नाव देऊन टाकलं.

"मला कॉलेजात बोलता येत न्हाय," मी म्हणाले.

"गाईचं सांगा," ती म्हणाली.

ठरलेल्या दिवशी मी एसटीनं धाराशिवला गेले. ज्या गावात शिकले तिथं इतक्या वर्षांनी फळ्यासमोर उभी राहिले. मी गाईची गोष्ट सांगितली, त्या सरासरी फॅटची सांगितली. पट्ट्यांचं चित्र दाखवलं आणि विचारलं, आधी काय दुरुस्त कराल? मुलं एकदम ओरडली, "रुंद पट्टी!" मला फार बरं वाटलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, हे तुम्ही कुठं शिकलात?"

स्वतःच शिकले, असं म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. व्हिडिओ मी बघितले होते. दुपारच्या झोपा मी सोडल्या होत्या. ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. मी पाण्याचा घोट घेतला.

"माझ्या धाकट्या जावेकडून," मी म्हणाले.

वर्गात थोडी हसाहस झाली. मग त्याच मुलीनं विचारलं, "त्या कुठं असतात?" मी सांगितलं, पुण्याला, कंपनीत. त्याबरोबर आख्खा वर्ग सरसावून बसला. कुठल्या कंपनीत? तिथं जागा असतात का? नंबर द्याल का त्यांचा? माझ्या गाईकडं मग कुणाचंच लक्ष राहिलं नाही. आभार मानायला उठलेले सरसुद्धा म्हणाले, "पुढच्या वेळी त्यांनाच बोलवू या."

मी हसून हो म्हटलं. आतून चांगलीच जळत होते. तिच्या परवानगीशिवाय नंबर देता येणार नाही, म्हणून बाहेर व्हरांड्यात येऊन तिला फोन लावला, आणि तिनं हो म्हटल्यावर वर्गात परत येऊन तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला.